दारू पिऊन गाडी : शिक्षा कमी, की भीतीच नाही?

उंबरठा (धागाकर्ता)

परवा एका घरगुती समारंभातून निघताना आमच्यातल्या एकाने गाडीची किल्ली उचलली. तीनेक पेग झाले होते. बायको म्हणाली, राहू दे, मी चालवते. त्यावर पठ्ठ्या म्हणतो, "अगं काय होतंय? धरलंच तर दंड भरू." सगळे हसले. मीही हसलो, हे आधीच कबूल करून टाकतो.

घरी आल्यावर ते 'दंड भरू' काही डोक्यातून जाईना. नको तिथे गाडी लावली, पावती फाडली, विषय संपला, इथवर ठीक आहे. पण शुद्ध हरपत चाललेला माणूस दीड टन लोखंड रस्त्यावर पळवतो, त्यालाही तोच हिशेब?

माझ्या मते शिक्षा फारच मऊ आहे. पहिल्याच खेपेला लायसन कायमचं रद्द करा, गाडी जप्त करा आणि कुणी मेलं तर सरळ खुनाचं कलम लावा. काही ठिकाणी हे होतंच की. कॅलिफोर्नियात १९८१ च्या एका निकालापासून पिऊन गाडी चालवून जीव घेणाऱ्यावर दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा खटला चालवता येतो. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूला कमाल शिक्षा १४ वर्षं होती, ती २०२२ मध्ये जन्मठेपेपर्यंत नेली. बाकीच्यांनी कशाची वाट बघायची?

बोला मंडळी. (दारू चांगली की वाईट हा वाद कृपया इथे नको. त्याचे धागे आधीच शंभरी गाठून बसलेत.)

पाचवा_गिअर

+१. शब्दन् शब्द सहमत. आणि वर्तमानपत्रांनी आधी ते 'तळीराम' म्हणणं बंद करावं. 'तळीरामांना दणका', 'तळीरामांची धांदल'. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटकातलं नाव आहे ते. ऐकलं की ओठांवर हसू येतं. घरफोड्याला आपण असं लाडाचं नाव ठेवतो का?

चिमटा

खुनाचं कलम लावा हे टाळ्यांचं वाक्य झालं. मला एक साधा प्रश्न आहे. इथल्या किती जणांना आयुष्यात कधी पोलिसांनी थांबवून यंत्रात फुंकायला लावलंय? मी बावीस वर्षं गाडी चालवतोय. एकदाही नाही.

पाचवा_गिअर

शून्य.

झुळूक

दोनदा. दोन्ही वेळा ३१ डिसेंबर, दोन्ही वेळा तोच चौक. तिसऱ्या वर्षी मीच त्यांना हॅपी न्यू इयर केलं :)

टोपणनाव_सुचेना

शून्य. पण माझ्याकडे गाडीच नाही. मत धरायचं तर धरा.

चिमटा

बघा. जे भूत कुणी पाहिलंच नाही त्याचे दात लांब करून काय उपयोग?

काळा_कोट

वकिली करतो, त्यामुळे थोडं रूक्ष लिहीन.

आधी कागदावर काय आहे ते बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत आणि पंधरा हजार. २०१९ च्या दुरुस्तीआधी हेच आकडे दोन हजार आणि तीन हजार होते. दंड पाचपट झाला, कैदेची मुदत होती तिथेच राहिली. आणि हा गुन्हा रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. धागाकर्त्यांच्या मित्राला हे बहुधा ठाऊक नसावं.

३० ची मर्यादा जगाच्या तुलनेत कडकच म्हणायची. इंग्लंडने १९६७ साली ८० ठरवली. अमेरिकेत यूटा सोडून सगळीकडे ८० आणि युरोपात बहुतेक देशांत ५०. तेव्हा कायदा ढिला आहे ही ओरड कागदापुरती तरी खरी नाही.

ढिलं पडतं ते मधल्या वाटेवर. अटक झाल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर माणसाला सोडावं लागतं. यंत्राच्या कॅलिब्रेशनचा कागद हवा, फुंकल्याची छापील पट्टी हवी, त्यावर सही हवी. साक्ष द्यायचा तो हवालदार एव्हाना बदलून गेलेला असतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक लोक गुन्हा कबूल करतात, दंड भरतात, फार तर 'कोर्ट उठेपर्यंत कैद' म्हणून मागच्या बाकावर मोबाइल खिशात ठेवून बसतात. संध्याकाळी घरी.

आणि कुणी मेलं तर सगळा खटला एका शब्दावर फिरतो. तो शब्द म्हणजे जाणीव. हयगय म्हटली तर जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ खाली कमाल दोन वर्षं होती, नव्या न्याय संहितेच्या १०६ मध्ये ती पाच झाली. आपल्या हातून जीव जाऊ शकतो याची जाणीव होती असं सिद्ध झालं तर सदोष मनुष्यवध, दहापर्यंत. मुंबईतल्या कार्टर रोडचं प्रकरण आठवतं का? २००६, फूटपाथवर झोपलेले सात मजूर गेले. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली.

टोपणनाव_सुचेना

आणि पुण्याच्या पोर्शे प्रकरणातला ३०० शब्दांचा निबंध राहिला की वकीलसाहेब.

काळा_कोट

तो बालन्याय कायद्यातला जामीन होता, शिक्षा नव्हे, आणि प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. इथे नको.

तिरपागडे

मी प्रवाहाविरुद्ध लिहितोय, दगड हलके मारा.

एक बियर घेऊन सावकाश घरी जाणारा आणि बाटली संपवून सुसाट निघालेला, दोघांना एकाच कलमात कोंबणं मला पटत नाही. जोखीम सरळ रेषेत वाढत नाही. ३५ ला जेवढी वाढते त्याच्या कित्येक पट १५० ला असते. स्वीडनने बघा दोन पायऱ्या केल्यात : २० मिलिग्रॅमच्या वर साधा गुन्हा, १०० च्या वर गंभीर गुन्हा, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंग. आपल्याकडे ३१ वाला आणि २०० वाला एकाच रांगेत उभा. मग पोलिसालाही ३१ वाल्याची दया येते, आणि दया एकदा सुरू झाली की तिचा दर ठरतो. समजलं असेल.

चिमटा

दर ठरतो :) :) पण मुद्दा बरोबर आहे.

निशाचर

अपघात विभागात अनेक रात्री काढल्यात. डॉक्टरच्या टेबलावरून हे कसं दिसतं ते सांगते.

रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम उतरतं. यकृत आपल्या चालीने चालतं. कॉफी पाजा, थंड पाण्याखाली उभं करा, ओकायला लावा, ते घाई करत नाही. आता हिशेब करा. पकडलं तेव्हा ६५ असलेला माणूस पंचनामा, गाडी उचलणं, 'साहेब येतायत' या सगळ्यात तीन तास घालवून माझ्यासमोर आला, तर तो वीस-तीसच्या घरात असतो. उशीर हाच त्याचा सगळ्यात चांगला वकील. (काळा_कोट, हलके घ्या.)

नमुना घेतानाही चुका होतात. सुई टोचायची जागा स्पिरिटने पुसायची नसते. बाटलीत सोडियम फ्लोराइड घालावं लागतं, नाहीतर नमुना तसाच पडून राहिला की आतल्या आत आंबून आकडा हलू शकतो. सील, सही, वेळ, सगळं लिहावं लागतं. रात्री तीनला बाजूच्या खाटेवर कुणाचा तरी श्वास अडकलेला असताना हे नीट करणारे हात किती असतात?

आणि एक. सकाळची दारू. रात्री दोनला प्यायचं थांबलेला माणूस १५० वर असेल तर सकाळी आठला मुलांना शाळेत सोडायला निघताना तो अजून ६० च्या आसपास असू शकतो. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. त्याला स्वतःलाही वाटत नाही की आपण 'प्यायलेले' आहोत. खुनाचं कलम लावा म्हणताना हा माणूस डोळ्यांसमोर असतो का कुणाच्या?

झुळूक

डॉक्टर, सकाळचं खरंच माहीत नव्हतं. आभार.

आकडेमोड

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून. अमेरिकेत २०२२ साली १३,५२४ माणसं अशा अपघातांत गेली ज्यात चालकाच्या रक्तातलं अल्कोहोल ८० च्या वर होतं. रस्त्यावरच्या एकूण मृत्यूंच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. त्याच वर्षी भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि सरकारी अहवालात दारूच्या खात्यावर टाकलेला वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. हे बघून आपण फार शुद्धीत गाडी चालवतो असं म्हणायचं, की नमुना घेतलाच जात नाही असं? जे मोजलंच नाही त्याची शिक्षा पुरते की नाही हे ठरवणार कसं?

आता मूळ प्रश्न. शिक्षा वाढवल्याने पिणारे गाडीपासून लांब राहतात का, यावर साठ वर्षांची माहिती पडून आहे. मला त्यातलं इंग्लंडचं उदाहरण सगळ्यात आवडतं. १९६७ च्या ऑक्टोबरात तिथे फुंकायचं यंत्र आलं. वाहतूक मंत्री बार्बरा कॅसल. त्यांना स्वतःला गाडी येत नसे आणि त्यावरून त्यांनी शिव्या खाल्ल्या. पण अपघात धाडकन खाली आले, विशेषतः शनिवार-रविवारच्या रात्रीचे. लोकांना वाटलं, आता दर वळणावर पोलीस यंत्र घेऊन उभा असणार. प्रत्यक्षात पोलीस कुणालाही थांबवून फुंकायला लावू शकत नव्हते, त्याला संशय, नियमभंग किंवा अपघात लागत असे. काही वर्षांत लोकांच्या ते ध्यानात आलं आणि परिणाम ओसरला. कायदा तोच, शिक्षा तीच. एच. लॉरेन्स रॉस नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने याचा पाठपुरावा केला होता.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ पासून नाकाबंदी लावून येईल त्या चालकाला फुंकायला लावायला सुरुवात केली. संशय वगैरे काही लागत नाही. तिथे मृत्यू घटले आणि घटलेले राहिले, कारण दर माणसाचा कुणी ना कुणी ओळखीचा थांबवला गेलेला असायचा. झुळूकच्या चौकासारखं फक्त ३१ डिसेंबरला नव्हे.

आणि स्कॉटलंड. २०१४ च्या डिसेंबरात मर्यादा ८० वरून ५० वर आणली. वाजतगाजत. नंतर संशोधकांनी अपघातांचे आकडे इंग्लंडशी ताडून पाहिले, तर अपघात घटलेच नव्हते. मर्यादा बदलली, पण रस्त्यावरची तपासणी त्या प्रमाणात वाढली नव्हती.

चिमटा

म्हणजे मी वर दोन ओळींत सांगितलं तेच. पण तुमच्याकडे सालं आहेत, त्यामुळे तुमचं खरं :)

संध्यारंग

मी या संस्थळावर सहसा वाचते, लिहीत नाही.

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांपूर्वी असाच गेला. समोरच्याने किती घेतली होती हे कधी सिद्ध झालं नाही, नमुना वेळेत घेतला नव्हता. डॉक्टरांनी वर लिहिलंय ते मी कोर्टात ऐकलंय, शब्दाशब्दाने. तो माणूस आता गाडी चालवतो. एकदा सिग्नलला माझ्या शेजारी होता.

तुम्ही सगळे शिक्षेने लोक घाबरतात की नाही यावर बोलताय. आकडे वाचले, पटलेही. पण मला कुणाला घाबरवायचं नव्हतं. माझ्या भावाचा जीव गेला ही गोष्ट छोटी नाही एवढं कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. शिक्षेचं ते पण काम असतं ना? सहा महिने म्हणजे काय ते मला माहीत आहे. सहा महिने म्हणजे त्याच्या शर्टांचा वास जायला लागला तेवढे दिवस.

कुणाला उत्तर द्यावंसं वाटलं तर द्या, नाहीतर राहू द्या.

निशाचर

ताई, उत्तर नाही माझ्याकडे. वाचलं.

आकडेमोड

संध्यारंग, तुमचं म्हणणं माझ्या आकड्यांत बसत नाही आणि ते बसवायचा प्रयत्नही मी करणार नाही. मी दोन गोष्टी एक करत होतो. जीव गेल्यावर काय द्यायचं हा एक प्रश्न, आणि जीव जाऊच नये म्हणून काय करायचं हा दुसरा. पहिल्याला मोठी शिक्षा लागेल, मान्य. दुसऱ्याला ती लागत नाही, तिथे लहान पण चुकवता न येणारी लागते.

उंबरठा

संध्यारंग, धागा काढताना हे असं कुणी वाचत असेल हे मनात आलं नव्हतं. माफ करा.

भोपळा

मी पकडला गेलेला माणूस आहे. लपवायचं कारण नाही, इथे मला कुणी ओळखत नाही.

दोन वर्षं झाली. चार पेग. यंत्रावर ९० च्या पुढे. कोर्टात गेलो, कबूल केलं, दहा हजार भरले, सहा महिने लायसन गेलं. दहा हजारांचं दुःख आठवडाभर टिकलं. लायसनचं रोज. सहा महिने ऑफिसात सांगत होतो की गुडघा दुखतो म्हणून गाडी चालवत नाही. मग एक जण मला रोज न्यायला यायला लागला आणि वाटेत गुडघ्यांवरचे व्यायाम सांगायला लागला. सहा महिने ऐकले. मुलीला मात्र खरं सांगावं लागलं, कारण तिने विचारलं.

धागाकर्त्यांना सांगतो. त्या रात्री शिक्षा किती आहे हे मला माहीतच नव्हतं. फाशी असती तरी माहीत नसतं. पण पुढच्या दोन किलोमीटरवर पोलीस कधी उभे असतात आणि कधी नसतात, ते मला पाठ होतं. त्या दिवशी जागा बदलली होती त्यांनी.

चिमटा

यावर मी चिमटा काढत नाही. मनापासून लिहिलंत.

पाचवा_गिअर

मीही +१ देऊन मोकळा झालो होतो. आता जरा खाली बसून विचार करतोय.

पूर्वाई

जपानात राहते, बारा वर्षं झाली. तिथलं सांगते, कारण तुमच्या दोन्ही बाजू तिथे एकत्र आल्यात.

१९९९ मध्ये तोमेई द्रुतगती मार्गावर दारू प्यायलेल्या ट्रकचालकाने एका गाडीला मागून ठोकलं. गाडी पेटली, दोन लहान बहिणी गेल्या. त्याला चार वर्षं झाली, कारण त्या वेळच्या कायद्यात कमालच पाच होती. आईवडिलांनी सह्या गोळा केल्या, लाखोंच्या घरात. २००१ मध्ये धोकादायक वाहनचालनाचा वेगळा गुन्हा आला, कमाल १५ वर्षं, पुढे २०. पुढच्या वर्षी श्वासाची मर्यादाही खाली आणली. २००६ मध्ये फुकुओकात पुन्हा तसंच, तीन भावंडं. आणि मग २००७ ची दुरुस्ती आली. माझ्या मते खरी गोष्ट तिथे झाली. पिऊन चालवणाऱ्याला तर आहेच, पण त्याला गाडी देणाऱ्याला चालकाएवढीच शिक्षा, तो गाडी चालवणार हे माहीत असून दारू पाजणाऱ्याला शिक्षा आणि चालक प्यायलाय हे माहीत असून त्याला 'मला सोड' म्हणत शेजारी बसणाऱ्यालाही.

त्याचा परिणाम टेबलावर दिसतो. ऑफिसच्या पार्टीत बसल्या बसल्या हॉटेलवाला विचारतो, गाडीने कोण आलंय? गाडीने आलेल्याच्या हातात ग्लास दिसला की बाकीचे अस्वस्थ होतात, कारण आता तो त्यांचाही प्रश्न असतो. फोन केला की दोन माणसं येतात, एक तुम्हाला तुमच्याच गाडीतून घरी सोडतो, दुसरा त्याला परत न्यायला मागून येतो. या शतकाच्या सुरुवातीला दारूमुळे होणारे प्राणघातक अपघात वर्षाला हजाराच्या घरात होते, हल्ली दोनशेच्या आत आहेत.

पण एक काळी बाजू सांगायलाच हवी. शिक्षा वाढल्यावर लोक पळून जायला लागले. ठोकलं की थांबायचं नाही, घरी जायचं, दारू उतरू द्यायची आणि मग हजर व्हायचं. पिऊन थांबण्यापेक्षा पळून उतरवणं स्वस्त पडायला लागलं. जखमी माणूस तिथेच पडलेला. त्याला जपानीत शब्दच आहे, पळण्यातला नफा अशा अर्थाचा. शेवटी २०१४ पासून दारू लपवण्यासाठी पळणं किंवा आणखी पिऊन पुरावा बिघडवणं याचाच वेगळा गुन्हा करावा लागला, कमाल १२ वर्षं.

काळा_कोट

पूर्वाई, हा प्रतिसाद जपून ठेवतो. आपल्याकडेही न्याय संहितेच्या १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षं ठेवली होती. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालक संपावर गेले आणि ते पोटकलम लागूच केलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की थांबलो तर जमाव मारून टाकेल. तेही अगदीच खोटं नाही.

शिवाय शिक्षा ओढत नेली की ती कोर्टात तुटते. दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये एका तरुणाच्या मृत्यूनंतर कायदा खूप कडक केला, पुढच्या वर्षी मर्यादा ३० वर आली. पण पुन्हा सापडणाऱ्यांसाठीचं जे कलम होतं त्यात आधीचा गुन्हा किती जुना याला काही मर्यादाच नव्हती. २०२१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ते प्रमाणाबाहेर म्हणून रद्द केलं.

तिरपागडे

मग मधला मार्ग कुणाकडे आहे का? लहान पण चुकवता न येणारी शिक्षा म्हणजे नेमकी काय? बोलायला छान वाटतं.

आकडेमोड

आहेत की. दोन सांगतो.

कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया प्रांत, २०१०. रस्त्यावरच यंत्राने लाल दाखवलं की तिथेच ९० दिवस लायसन बंद आणि गाडी उचलून नेणार. खटला, तारीख, साक्षीदार काही नाही. पहिल्या वर्षी दारूशी संबंधित जीवघेणे अपघात ४० टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासात दिसलं. तुरुंग नाही, कलम नाही. भोपळा म्हणाले तेच, दुखतं ते लायसन, आणि त्याच रात्री.

दुसरं अमेरिकेतलं दक्षिण डकोटा राज्य. २००५ पासून. वारंवार सापडणाऱ्यांना सांगितलं, गाडी चालवा, नोकरी करा, पण दारू पूर्ण बंद. रोज सकाळ-संध्याकाळ येऊन फुंकायचं. निघाली तर त्याच क्षणी एक-दोन दिवस कोठडी. वर्षभर नाही, एक-दोन दिवस. नव्याण्णव टक्क्यांच्या वर चाचण्या कोऱ्या आल्या. रँड संस्थेच्या अभ्यासात पुन्हा पिऊन चालवताना पकडले जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी घटलेलं निघालं, आणि ध्यानीमनी नसताना घरातल्या मारहाणीच्या अटकाही ९ टक्क्यांनी.

काळा_कोट

पहिल्यावर हरकत नोंदवतो. पोलीसच फिर्यादी, पोलीसच न्यायाधीश. यंत्र चुकलं तर? चूळ भरायच्या औषधानेही पहिली काही मिनिटं आकडा चढतो. ब्रिटिश कोलंबियातही २०११ मध्ये कोर्टाने बोट ठेवलं की दाद मागायची धड सोय नाही, आणि २०१२ मध्ये सरकारला कायदा दुरुस्त करावा लागला. दुसऱ्यांदा फुंकून बघायचा हक्क द्या, पंधरा मिनिटं थांबवा, मग माझी हरकत बरीच निवळेल.

झुळूक

गाडीतच ते यंत्र बसवतात ना? फुंकल्याशिवाय गाडी चालूच होत नाही म्हणे.

निशाचर

हो. सापडलेल्यांच्या गाडीत बसवलं की पुन्हा पिऊन चालवण्याचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी घटतं. गाडीतून काढलं की बऱ्याच जणांचं पूर्वीसारखं. कारण काही जणांना दंड नको असतो, उपचार हवा असतो. तो वेगळा धागा होईल.

तिरपागडे

आणि फुंकायला शेजारच्या पोराला बसवलं की झालं :)

निशाचर

त्यासाठी कॅमेरा असतो आणि चालत्या गाडीत अधूनमधून पुन्हा फुंकायला लावतात. आधीच्या लोकांनीही तुमच्याइतकाच विचार केलाय :)

संध्यारंग

लायसन त्याच रात्री जाणं मला चालेल. माझ्या भावाच्या वेळी त्या माणसाला आधी दोनदा कुणीतरी सोडून दिलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यातल्या एका रात्री लायसन गेलं असतं तर. एवढंच.

उंबरठा

दोन दिवस धागा नुसता वाचत होतो. खुनाचं कलम हा माझा हट्ट सोडतो. पूर्ण नाही, पण पहिल्या ओळीत तरी तो नसेल. माझ्या यादीत आता वर आहे ते वर्षभर कधीही, कुठेही लागणारी नाकाबंदी, जागेवरच जाणारं लायसन, काळा_कोट म्हणतात तशी दुसऱ्या फुंकरीची सोय, आणि रक्ताचा नमुना तासाभरात. मेलेल्या माणसाच्या खटल्याचं वेगळं, संध्यारंग म्हणतात तसं.

पूर्वाईंचं शेजारी बसणाऱ्याचं कलम मात्र पचायला जड जातंय. मित्राला कसं अडवायचं?

चिमटा

बरं, तुम्ही धाग्यात एक लिहिलंच नाहीत. त्या रात्री शेवटी गाडी कुणी चालवली?

उंबरठा

त्यानेच. आम्ही सगळे खाली सोडायला गेलो होतो. जागा अडचणीची होती, मागे भिंत. ये, ये, अजून ये, बस्स, असं म्हणत गाडी मीच काढून दिली.